व्हॉइस असिस्टंट वाक्य अर्ध्यावर तोडतो किंवा भलतेच ऐकतो: उच्चार अस्पष्ट असलेल्या व्यक्तींसाठी दोष शोधण्याची पद्धत

समस्या

पक्षाघात, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी, मोटर न्यूरॉनचा आजार किंवा लहानपणापासूनचे अडखळणे यांमुळे ज्यांचे बोलणे इतरांपेक्षा वेगळे आहे, अशा व्यक्तीने ॲलेक्सा, गूगल असिस्टंट किंवा सिरीला काही सांगितले की बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. उपकरण हाकेला ओ देत नाही, वाक्य पूर्ण होण्याआधीच ऐकणे थांबवते, किंवा भलतेच ऐकून भलतेच काम करते. मग घरातले लोक त्या व्यक्तीलाच सांगू लागतात, "बाबा, जरा मोठ्याने बोला", "काकू, एकेक शब्द सुटा म्हणा". दोन-चार वेळा असे झाले की ती व्यक्ती उपकरणाशी बोलणे सोडून देते आणि पंखा बंद करण्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी येण्याची वाट पाहते. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी उपकरणे घरोघरी बसवून देताना आणि नंतर ती पुन्हा मार्गावर आणताना माझे मत पक्के झाले आहे की बदल करायचा असतो तो बहुतेक वेळा मांडणीत, बोलणाऱ्यात नव्हे. हा बदल कोठे करायचा, हे यंत्र नेमक्या कोणत्या टप्प्यावर अडते ते शोधल्याशिवाय कळत नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना. ज्या व्यक्तीचे बोलणे उपकरणाला कालपर्यंत समजत होते, तिचे बोलणे आज अचानक समजेनासे झाले असेल, तर आधी त्या व्यक्तीकडे पाहा. चेहरा एका बाजूला ओघळला असेल, एक हात वर उचलता येत नसेल किंवा जीभ जड झाली असेल, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेव्हा सेटिंग तपासत बसू नये, 108 ला फोन करून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे?

असे कोणतेही उपकरण चार कामे एकामागून एक करते. प्रथम ते स्वतःचे नाव ऐकून जागे होते. नंतर बोलणारा कोठे थांबला हे ठरवून ऐकणे बंद करते. मग ऐकलेल्या आवाजाचे शब्द करते आणि शेवटी त्या शब्दांवरून काय करायचे ते ठरवते. जागे झाल्यानंतरच्या कोणत्याही टप्प्यावर चूक झाली तरी बोलणाऱ्याला बऱ्याचदा उत्तर एकच मिळते, "माफ करा, मला समजले नाही". या उत्तरावरून दोषाचा काहीही पत्ता लागत नाही आणि सगळे खापर उच्चारांवर फुटते.

म्हणून सर्वप्रथम त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून, तेच वाक्य घरातील दुसऱ्या कोणाला म्हणायला सांगावे. त्यांचेही बोलणे समजले नाही, तर प्रश्न वाय-फायचा, खोलीतील आवाजाचा किंवा उपकरणाच्या जागेचा आहे. ॲलेक्सासारख्या उपकरणांत शब्द ओळखण्याचे मुख्य काम इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे आतल्या खोलीत सिग्नल पोहोचत नसेल तर सर्वांत स्पष्ट बोलणाऱ्यालाही तेच उत्तर मिळते.

दुसऱ्याचे समजते आणि आपल्या माणसाचे समजत नाही, असे दिसले की उपकरणाने काय ऐकले ते उघडून वाचावे. ही पायरी बहुतेक घरांत वगळलेली असते आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची आहे. ॲलेक्साच्या ॲपमध्ये प्रायव्हसीच्या भागात व्हॉइस हिस्टरी असते आणि गूगलच्या खात्यात माय ॲक्टिव्हिटीचे पान असते. तेथे आपण उच्चारलेले प्रत्येक वाक्य उपकरणाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले सापडते. नोंदच नसेल, तर उपकरण जागेच झाले नव्हते. अर्धे वाक्य असेल, तर ऐकणे लवकर थांबले. पूर्ण वाक्य असूनही शब्द वेगळे असतील, तर दोष शब्द ओळखण्यात आहे. शब्द बरोबर असूनही काम झाले नसेल, तर उच्चारांचा काहीही संबंध नाही. दिव्याचे नाव ॲपमध्ये वेगळे दिलेले असते किंवा स्विच जोडणीतून निघालेला असतो. मात्र या नोंदी म्हणजे त्या व्यक्तीचे खासगी बोलणे आहे. त्या उघडण्यापूर्वी तिला विचारावे आणि शक्य असल्यास तिच्या शेजारी बसूनच वाचाव्यात.

हाकेला ओ मिळत नसल्यास

"ॲलेक्सा" या शब्दात क आणि स यांचे जोडाक्षर आहे. जिभेचे स्नायू शिथिल असलेल्या व्यक्तीला ते अवघड जाते. सेटिंगमध्ये हाकेचा शब्द बदलता येतो आणि "इको" हा पर्याय अनेकांना सोपा पडतो, कारण त्यात दोन स्वर आणि मध्ये एकच व्यंजन आहे. शब्द लहान असल्याने उपकरण कधीकधी विनाकारण जागे होईल, पण हा त्रास सोसण्यासारखा आहे. गूगलच्या बाबतीत व्हॉइस मॅचमध्ये जाऊन त्या व्यक्तीच्या आवाजाचा नमुना पुन्हा नोंदवावा, आणि तो तिच्या रोजच्या आवाजात नोंदवावा. शेजारी बसून "नीट म्हणा" असा आग्रह केल्यावर निघालेला आवाज हा तिचा रोजचा आवाज नसतो.

एवढे करूनही जमले नाही तर हाक मारण्याचा हट्ट सोडून द्यावा. ॲलेक्सा असलेल्या बऱ्याच इको उपकरणांच्या माथ्यावर एक बटण असते, जे दाबले की हाकेशिवाय ऐकणे सुरू होते. आयफोनवर बाजूचे बटण दाबून सिरीला बोलावता येते, आणि बोट काढेपर्यंत ती ऐकत राहते, त्यामुळे पुढचा टप्पाही सोपा होतो. 2024 मध्ये आलेल्या आयओएस 18 या आयफोनच्या प्रणालीत व्होकल शॉर्टकट्स नावाची सोय आहे. तिच्यात एखादा शब्द आपल्या आवाजात तीनदा म्हणून नोंदवायचा असतो आणि नंतर तो उच्चारताच, सिरीला हाक न मारता, ठरवून दिलेले काम होते.

वाक्य अर्ध्यावर तुटत असल्यास

मराठी घरांत सर्वाधिक बिघाड या टप्प्यावर होतो असे मला दिसले आहे आणि त्याला कारण आहे.

बोलणे संपले की नाही हे उपकरण मुख्यतः शांततेवरून ठरवते. काही क्षण आवाज आला नाही की माणूस बोलून थांबला असे समजून ते ऐकणे बंद करते. हा काळ ठरवलेला असतो तो सलग बोलणाऱ्यांच्या सवयीवरून. पक्षाघातानंतर श्वास पुरत नसल्यामुळे ज्यांना दोन शब्दांनंतर थांबावे लागते, किंवा अडखळताना ज्यांचा आवाज एखाद्या व्यंजनापाशी अडून राहतो, त्यांची मधली शांतता उपकरणाला वाक्याचा शेवट वाटते. यात एक अवघड पेच आहे. स्पीच थेरपिस्ट अशा रुग्णांना सावकाश, शब्द सुटे करून बोलायला शिकवतात आणि माणसांशी बोलताना तो सल्ला अगदी योग्य आहे. मात्र त्याच सल्ल्याने उपकरणासमोरचे विराम वाढतात आणि वाक्य अधिकच लवकर तुटते. थेरपी चुकली असे त्यामुळे कोणीही समजू नये. यंत्रासाठी माणसांशी बोलण्याची सवय बिघडवणे हा उपाय होऊ शकत नाही.

त्यात मराठी वाक्याची रचना भर घालते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते. "हॉलमधला पंखा बंद कर" या वाक्यात काय करायचे हे शेवटच्या दोन शब्दांत आहे, आणि "पंखा चालू कर" यापासून त्याचा फरकही तेथेच आहे. पार्किन्सनच्या रुग्णांचा आवाज वाक्याच्या शेवटाकडे हळू होत जातो, तर पक्षाघाताच्या रुग्णांचा श्वास शेवटी संपतो. म्हणजे वाक्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ज्या ठिकाणी येतो, नेमक्या त्याच ठिकाणी आवाज सर्वांत क्षीण असतो. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येत असल्यामुळे तेथे शेवट तुटला तरी निदान हेतू कळतो.

नौपाड्यातील एका काकूंच्या फोनवर हे स्पष्ट दिसले. त्यांना पार्किन्सन आहे आणि गूगल असिस्टंट मराठीत लावलेला होता. त्या "पंखा" म्हणत, तो शब्द स्क्रीनवर अचूक उमटे, त्या श्वास घेण्यासाठी थांबत आणि तेवढ्यात माइकची खूण मिटून स्क्रीनवर पंख्यांची छायाचित्रे आणि किमती येत. त्यांचे "बंद कर" हे शब्द त्यानंतर, ऐकणे थांबलेल्या फोनसमोर उच्चारले जात. त्यांच्या सुनेला वाटत होते की फोनला काकूंचा उच्चार कळत नाही. प्रत्यक्षात उच्चार कळला होता, वेळ पुरला नव्हता.

येथे पहिला उपाय म्हणजे थांबण्याचा काळ वाढवणे. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये सिरीसाठी पॉज टाइम नावाचा पर्याय 2022 च्या आयओएस 16 पासून आहे आणि त्यात नेहमीचा, जास्त आणि सर्वांत जास्त असे तीन काळ निवडता येतात. ॲलेक्साच्या ॲपमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या भागात ॲडॅप्टिव्ह लिसनिंग दिसत असेल तर ते चालू करावे, त्याचा उद्देश हाच आहे. त्याच्या जोडीला उपकरणाच्या साउंड सेटिंगमध्ये ऐकणे सुरू झाल्याचा आणि संपल्याचा आवाजही चालू करून ठेवावा. संपल्याचा तो छोटा सूर वाक्य पूर्ण होण्याआधी वाजला की दोष कोठे आहे हे घरातील कोणालाही, फोन न उघडता, कळते.

दुसरा उपाय शब्दांच्या क्रमाचा. "बंद कर पंखा", "लाव दिवा" हे आपण घरात सहज बोलतो आणि असे बोलल्याने महत्त्वाचा शब्द आवाजात जोर असताना बाहेर पडतो. नकार मात्र कटाक्षाने टाळावा. "गीझर बंद करू नको" हे वाक्य शेवटी तुटले तर उलट अर्थाची आज्ञा उरते.

तिसरा उपाय सर्वांत टिकाऊ आहे आणि तो म्हणजे वाक्यच नाहीसे करणे. ॲलेक्सा आणि गूगल होम या दोन्हींत रूटीन तयार करता येते. म्हणजे एखादा शब्द ठरवायचा आणि तो ऐकल्यावर कोणती कामे करायची ते आधी नोंदवून ठेवायचे. एका शब्दात सहसा विराम येत नाही, त्यामुळे तुटण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. काकूंसाठी "वारा" या शब्दाने पंखा सुरू होतो आणि "आराम" या शब्दाने पंखा बंद होऊन मंद दिवा लागतो. हे दोन शब्द त्यांनी स्वतः निवडले आणि दोन्हींत स्वर लांब असल्यामुळे ते त्यांच्या हळू आवाजातही ऐकू येतात. शब्द निवडताना त्या व्यक्तीला जे वर्ण जमतात तेच घ्यावेत आणि कोणतेही दोन शब्द एकमेकांसारखे नसावेत. "दिवा" आणि "हवा" शेजारी ठेवले तर गोंधळ ठरलेलाच आहे.

शब्दच चुकीचे ऐकू येत असल्यास

शब्द ओळखणारी प्रणाली असंख्य लोकांच्या ध्वनिमुद्रणांवरून शिकते आणि त्या लोकांत अस्पष्ट उच्चार असलेले फारच थोडे असतात. त, ट, थ, ठ यांतील फरक आपण जिभेच्या जागेने आणि श्वासाच्या झोताने करतो. डिसार्थ्रियामध्ये, म्हणजे बोलण्याच्या स्नायूंवरचा ताबा कमी झाल्यावर, हे चारही वर्ण एकमेकांत मिसळू शकतात. श्वासाचा जोराचा झोत हवा असणारे ख, घ, भ हे महाप्राण वर्ण दुबळ्या श्वासामुळे क, ग, ब होतात. न ओळखलेल्या आवाजाच्या जागी प्रणाली तिला परिचित असलेला, वारंवार भेटणारा शब्द बसवते, आणि म्हणून चूकही अगदी आत्मविश्वासाने केलेली दिसते.

या उणिवेवर काम सुरू आहे. गूगलने 2019 मध्ये युफोनिया प्रकल्प जाहीर केला आणि त्यात पुढे दहा लाखांहून अधिक उच्चार गोळा झाले. 2022 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने स्पीच ॲक्सेसिबिलिटी प्रोजेक्ट सुरू केला आणि त्याला ॲमेझॉन, ॲपल, गूगल, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांनी पाठबळ दिले. पार्किन्सनच्या रुग्णांपासून सुरू झालेला हा संग्रह इंग्रजीचा आहे. मराठीत बोलणाऱ्या आपल्या माणसाला त्याचा थेट लाभ अजून मिळत नाही. शिवाय गूगल असिस्टंट 2018 पासून मराठी समजतो, पण ॲलेक्साशी भारतात इंग्रजी किंवा हिंदीतच बोलावे लागते. ज्या व्यक्तीला स्वतःच्या भाषेतील वाक्य पुरे करणे कठीण आहे, तिला दुसऱ्या भाषेत बोलायला लावणे मला पटत नाही. नवीन उपकरण घ्यायचे असेल आणि ती व्यक्ती मराठीतच बोलत असेल, तर मराठी समजणारेच घ्यावे. घरात ॲलेक्सा आधीपासून असेल तर एका शब्दाच्या रूटीनने भाषेची अडचण बरीच कमी होते.

आता एक युक्ती सांगतो, जी कोणत्याही सेटिंगमध्ये लिहिलेली नाही. अस्पष्ट उच्चार असलेल्या अनेक व्यक्तींचे उच्चार इतरांपेक्षा वेगळे असले तरी स्वतःशी सुसंगत असतात, म्हणजे तोच शब्द त्या बहुतेक वेळा तसाच उच्चारतात आणि उपकरणही तो बहुतेक वेळा तसाच चुकीचा ऐकते. नेरूळमध्ये पक्षाघातातून सावरलेले एक काका आहेत. त्यांच्याकडे ॲलेक्सा हिंदीत लावलेली होती आणि ते "दिवा लाव" म्हणत तेव्हा शेवटचा व गळून पडे. व्हॉइस हिस्टरी उघडली तेव्हा तेथे कधी "दीवाला" तर कधी "दिवाली" असे लिहिलेले होते आणि तिसरे काही जवळजवळ नव्हतेच. मग दिव्याच्या रूटीनला हेच दोन शब्द दिले. काका आजही पूर्वीसारखेच "दिवा लाव" म्हणतात, उपकरण पूर्वीसारखेच "दिवाली" ऐकते आणि दिवा लागतो. त्यांच्या पत्नीने विचारले, "अहो, पण दिवाळीत काय करायचं?" त्यात अडचण नाही, कारण रूटीन हाकेनंतरच ऐकले जाते. ही युक्ती वापरण्यापूर्वी निदान काही दिवसांच्या नोंदी पाहाव्यात. एखादा शब्द दर वेळी वेगळाच ऐकला जात असेल, तर तो शब्द सोडून दुसरा निवडावा.

दोष शब्द ओळखण्याचा आहे की वेळेचा, याबद्दल अजूनही शंका असेल तर फोनच्या कीबोर्डवरील माइक वापरून तेच वाक्य मराठीत बोलून टंकित करून पाहावे. तेथे विरामाला सहसा जास्त वाव मिळतो. तेथे वाक्य बरोबर उमटले तर असिस्टंटच्या वेळेकडे परत जावे.

माइक आणि खोली

माइकपासूनचे अंतर निम्मे केले की त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे दोन मीटरवरच्या टीव्हीशेजारी ठेवलेले उपकरण उशापाशी अर्ध्या मीटरवर आणले तर साधारण 12 डेसिबलचा फायदा होतो, जो घसा ताणून बोलण्याने मिळवण्याचा प्रयत्न करणे पार्किन्सनच्या रुग्णासाठी थकवणारे आहे. उपकरण छताच्या पंख्याच्या थेट खाली नसावे, कारण वाऱ्याचा झोत माइकवर सतत खरखर करतो. घोडबंदर रस्त्याकडे किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याकडे खिडकी असलेल्या घरांत ते खिडकीच्या भिंतीपासून दूर ठेवावे.

ब्लूटूथ हेडसेट घेण्याचा मोह होतो, पण स्वस्त हेडसेटमध्ये बोलण्याचा आवाज अनेकदा टेलिफोनच्या दर्जाचा होतो आणि 4 किलोहर्ट्झच्या वरचा भाग गळतो. स आणि श यांची ओळख बरीचशी त्याच भागात असते. आधीच पुसट झालेल्या उच्चारातून तीही काढून घेतली तर उरते फारच थोडे. फोनसाठी तारेचा साधा कॉलर माइक जास्त उपयोगी पडतो.

ठीक होऊन पुन्हा बिघडत असल्यास

दिवसातल्या ठराविक वेळीच बिघडत असेल तर ती वेळ लिहून ठेवावी. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाच्या गोळीचा प्रभाव उतरू लागला की काहींचे बोलणेही बदलते आणि संध्याकाळच्या थकव्याने बहुतेक सर्वांचेच. म्हणून व्हॉइस मॅचचा नमुना किंवा व्होकल शॉर्टकट फक्त सकाळी ताजेतवाने असताना नोंदवला असेल, तर संध्याकाळचे शब्द आणखी सोपे निवडून वेगळे रूटीन करावे. औषधाच्या वेळा उपकरणासाठी बदलू नयेत, त्याबद्दल फक्त डॉक्टरांशी बोलावे.

दिवसभर सारखेच बिघडले असेल तर बहुधा काहीतरी बदललेले असते. ॲप अद्ययावत झाल्यावर भाषा इंग्रजीवर गेलेली असते, बॅटरी सेव्हरने फोनचे हाकेकडे लक्ष देणे बंद केलेले असते, माइकची परवानगी काढली गेलेली असते, किंवा साफसफाईत उपकरण पुन्हा टीव्हीशेजारी गेलेले असते. ज्या फोनवर गूगल असिस्टंटच्या जागी गूगलचाच जेमिनी हा नवा असिस्टंट आला आहे, तेथे प्रत्येक जुने रूटीन एकदा म्हणून पाहावे. भाषा, हाकेचा शब्द, पॉज टाइम, रूटीनचे शब्द आणि उपकरणाची जागा एका कागदावर लिहून तो उपकरणाजवळच चिकटवावा, म्हणजे दुरुस्त करायला घरातील जाणते माणूस कामावरून परतण्याची वाट पाहावी लागत नाही.

बोलून टंकित केलेला मजकूर डॉक्टरांना किंवा बँकेला पाठवायचा असेल तर तो शब्दन् शब्द वाचावा. आवाजाचे शब्द करणाऱ्या व्हिस्पर या लोकप्रिय प्रणालीवर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 1 टक्का ध्वनिमुद्रणांत कोणी न उच्चारलेली वाक्ये आढळली, आणि अफेझिया असलेल्यांच्या, म्हणजे ज्यांना शब्द आठवत नाहीत आणि म्हणून ज्यांच्या बोलण्यात विराम जास्त असतात त्यांच्या, ध्वनिमुद्रणांत हे प्रमाण अधिक होते.

आवाजावर अवलंबून राहू नये अशी कामे

आणीबाणीचा कॉल कधीही केवळ आवाजावर सोडू नये. अनेक फोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ 5 वेळा दाबल्यावर मदतीचा कॉल जातो. ही सोय सेटिंगमध्ये चालू करावी, 112 किंवा घरातील क्रमांक जोडावा आणि त्या व्यक्तीच्या हाताला ते बटण दाबता येते का हे पाहावे. हात साथ देत नसेल तर पलंगाला बांधता येईल अशी वायरलेस बेल लावावी.

अफेझियामध्ये शब्दच आठवत नाही, त्यामुळे माइक किंवा पॉज टाइम बदलून फारसे साधत नाही. अशा व्यक्तीसाठी, आणि ज्यांचे उच्चार कोणत्याच प्रणालीला समजत नाहीत त्यांच्यासाठी, चित्रांवर बोट ठेवून बोलणारी ॲप आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे त्यांपैकी एक असून ते मराठीतही चालते. अशा ॲपमधून किंवा फोनवर आधी मुद्रित करून ठेवलेल्या दुसऱ्याच्या आवाजातून निघालेली आज्ञा व्हॉइस असिस्टंटला ऐकवता येते, आणि तो ती पाळतो. कोणता मार्ग योग्य, हे ठरवण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनजवळच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी करून घेता येते. ही संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवण दोषांवर काम करते आहे.

कंपनीकडे तक्रार

वर सांगितलेले सर्व करूनही जे उरते ते कंपनीला कळवावे आणि मोघम कळवू नये. उपकरणाचे मॉडेल, भाषा, उच्चारलेले वाक्य, हिस्टरीत उमटलेले वाक्य आणि त्या व्यक्तीची परवानगी असल्यास ध्वनिमुद्रण, एवढे दिले तरच अभियंत्यांच्या हाती काही लागते. 2011 च्या जनगणनेत बोलण्याचे अपंगत्व असलेल्या सुमारे 20 लाख व्यक्तींची नोंद आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा दोष हा 21 अपंगत्वांमध्ये धरला आहे. याच कायद्याच्या कलम 42 नुसार रोजच्या वापरातील इलेक्ट्रॉनिक वस्तू सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध होतील हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. तक्रारीत या कलमाचा उल्लेख जरूर करावा, आणि मराठीत विराम वाढवण्याची सोय हवी, ही मागणी स्वतंत्र ओळीत लिहावी.